निमुळता कोपरा

अण्णा, घर तिरकं बसवलं. रस्त्याला समांतर नाही, शेजाऱ्याच्या कंपाउंडलाही समांतर नाही. कळंब्याच्या पलीकडे, जिथे तुमच्या वेळी नुसता ऊस होता, तिथल्या एका शेताचे प्लॉट पाडले, सगळ्यांना चौकोन वाटून झाले आणि ओढ्याच्या वळणाशी जो तुकडा उरला, तो मी घेतला. रस्त्याकडे रुंद आणि मागे ओढ्याकडे निमुळता होत गेलेला, कपड्यांच्या इस्त्रीचा तळ असतो तसा. त्याची एक बाजू दुसरीशी जुळत नाही. तुम्ही असता तर फाटकाच्या जागेवरूनच परत फिरला असता, आणि फिरता फिरता तुमचे ते दोन शब्द टाकले असते, "गुण्यात न्हाय." मला ते ऐकू आले. प्लॉट पाहायला गेले त्याच दिवशी आले, आणि तरी मी तो घेतला. खरं सांगायचं तर थोडा त्यामुळेच घेतला.

तुमचा गुण्या माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. सागवानी मूठ, पोलादी पातं, काटकोन तपासायचं ते साधं हत्यार, पण तुम्ही त्याने जग तपासायचात. उद्यमनगरात तुम्ही फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करायचात, हे मी कॉन्व्हेंटमध्ये मैत्रिणींना सांगायचे तेव्हा त्यांना कळायचं नाही. मग मी सांगायचे, लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी ती लाकडात करावी लागते, ते लाकूड वाळूत दाबायचं, वाळूत त्याचा साचा उमटतो, मग त्यात लोखंड. त्यांना वाटायचं मी गोष्ट सांगतेय. तुमच्या शेडमध्ये लाकडाचा भुसा, सरस आणि तांबड्या रंगाचा एक मिळून वास होता, आणि तो वास तुमच्या शर्टाला लागून घरी यायचा. घरी आल्यावर गुण्या थांबायचा नाही. देवघराचा पाट, कपाटाची फळी, माझ्या वहीवरचा समास, सगळं गुण्यात हवं. मला कॉन्व्हेंटमध्ये घातलंत तेसुद्धा त्यासाठीच, असं मला पुढे वाटायला लागलं. तिथल्या सिस्टर ताठ उभं राहायला शिकवायच्या, ओळीत चालायला शिकवायच्या, आणि तुम्ही पालकसभेहून येताना खूश असायचात. पहिल्या वर्षी तुम्ही मला सागवानाची पेन्सिलपेटी करून दिलीत. बाकी मुलींच्या पेट्या पत्र्याच्या, चित्रांच्या. माझ्या पेटीचे कोपरे इतके नेमके होते की दप्तरात हात घातला की टोचायचे. मला ती फार आवडायची. हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी आज नुसती भांडायलाच बसलेय.

पण भांडायलाच बसलेय. आपल्या जुन्या घराच्या मागचा कोपरा तुम्हाला आठवतो ना? आपल्या प्लॉटची मागची हद्द जुन्या गाडीवाटेने तिरकी कापली होती, त्यामुळे घराच्या मागे एक त्रिकोण उरला होता. तुम्ही घर बांधलंत ते रस्त्याशी अगदी काटकोनात, आणि तो त्रिकोण तुमच्या डोळ्यांत सलायचा. आईला मात्र तो सोडून घरातलं दुसरं काही आपलं वाटत नव्हतं. तिचं माहेर आजऱ्याकडचं. तिकडे भाताची खाचरं डोंगराच्या अंगाने वळत जातात, एकही वावर चौकोनी नाही. त्या त्रिकोणात मोरीचं पाणी जायचं तिथे तिने अळू लावलं होतं. कडीपत्ता, पुदिना, दोन हात मेथी, आणि टोकाला एक सपाट दगड, ज्यावर ती दुपारची बसायची आणि पलीकडच्या शेजारणीशी बोलायची. मी शाळेतून आले की ती स्वयंपाकघरात नसेल तर तिथेच असायची. आता लिहिताना मला ती दिसते, पदर खोचलेला, हाताला माती, माझ्याकडे न बघताच विचारतेय, "डबा संपवलास का?"

मामाच्या लग्नाला ती आजऱ्याला गेली आणि तुम्ही भिंत बांधून घेतलीत. त्रिकोण भिंतीच्या बाहेर, आत नीट चौकोनी परस, त्यावर शहाबादी फरशी. तुम्ही ते तिच्यासाठी केलं होतंत, हे मला माहीत आहे. चिखल नको, साप-किरडू नको, बाईला स्वच्छ जागा. ती एसटीतून उतरून आली, हातातली तांदळाची पिशवी खाली ठेवली, परसात आली, आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. तुम्ही मागे उभे, चेहऱ्यावर बक्षीस मिळणार असल्यासारखा भाव. "आता कसं गुण्यात आलं," तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, "चहा टाकतो." आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, टाकतो. आणि आत गेली. पुढे कितीतरी दिवस ती भांड्यांचं पाणी बादलीत साठवायची आणि भिंतीवरून पलीकडे भिरकावायची. शेजारीण ओरडली, तुम्ही ओरडलात, "लोकं काय म्हणतील? पाणी काय फेकतीयास?" आणि ती शांतपणे म्हणाली, "अळूला नको?" मग एक दिवस पलीकडे म्हशीचा गोठा आला आणि तिने पाणी फेकणं बंद केलं. तो कोपरा कागदावर आपलाच होता. पण भिंतीबाहेरची जमीन कोण आपली म्हणतंय!

यावर तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ आहे. म्हणून तुमच्याच शेडमधली एक दुपार तुमच्यापुढे ठेवते. मी आठवी-नववीत असेन, सुट्टीत तुमचा डबा घेऊन आले होते. नव्या कारागिराने एक पॅटर्न केला होता, चारही बाजू तुमच्या गुण्याला लावल्यावर केसाचीही फट नाही. मला वाटलं, आता हा शाबासकी मिळवणार. तुम्ही तो ठोकळा हातात फिरवलात आणि म्हणालात, "अरं शहाण्या, ह्यो वाळूतनं निघंल का? वर काढाय लागलास की साच्याची भिंत ढासळती. टेपर दे, टेपर! सरळ उभं असलेलं काय बी मातीतनं सुखानं निघत न्हाय." तो पोरगा म्हणाला, "मग गुण्या कशाला ठेवलाय जी?" सगळी शेड हसली. तुम्हीसुद्धा हसलात, अण्णा. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं. मातीत जे बसवायचं त्याच्या बाजू थोड्या कलत्या ठेवाव्या लागतात, हे तुम्ही आयुष्यभर हाताने केलंत, आणि संध्याकाळी सायकलवर बसून घरी आलात की विसरलात. आईच्या वाट्याला तुमचा गुण्या आला, टेपर आला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक पाळण्यात होती. आता ती पुण्यात स्वतःच्या पोरीला शाळेत सोडते. मधल्या काळात मी वारणानगरला कॉलेजात शिकवलं, एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगेत राहिले. दारावरचा नंबर पुसला तर आपलं घर सापडू नये अशी ती रांग. ह्यांच्या माघारी निवृत्ती घेतली आणि ठरवलं, घर बांधायचं आणि आईला तिथे आणायचं. आई धाकट्या भावाकडे असते, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तो तिची काळजी घेत नाही असं नाही, औषधाची वेळ तो माझ्यापेक्षा चांगली पाळतो. पण एकदा ती मला म्हणाली, "हितं खाली उतराय कुणाला तरी इचाराय लागतंय. जिमिनीला पाय लावाय बी परवानगी." ती हसत म्हणाली, मी हसले नाही.

प्लॉट घेतल्यावर धाकट्याने वास्तूच्या जाणकारांना आणलं. गृहस्थ सभ्य होते, बूट काढून प्लॉटवर आले. मोबाइलमध्ये होकायंत्र उघडून चहूकडे फिरले आणि माझ्या त्या निमुळत्या टोकाशी येऊन थांबले. "मॅडम, आग्नेय वाढलीय."

"स्वयंपाकघर आग्नेयेलाच असावं म्हणतात ना? मी तिथेच करणार आहे."

"स्वयंपाकघर आग्नेयेला चालतंय. आग्नेय वाढलेली चालत न्हाय. त्यात रस्त्याकडं रुंद आणि मागं निमुळता, व्याघ्रमुखी प्लॉट. दुकानाला एक नंबर. राहायला न्हाय."

"मग वाघाचं काय करायचं?"

त्यांना माझी थट्टा आवडली नाही. त्यांनी काठीने मातीत रेघ ओढली. "हितनं भिंत घाला. चौकोन आत घ्या, ह्यो तुकडा सोडून द्या. मेलेला समजा."

मी त्या रेघेकडे बघत राहिले. तुमचा अशा गोष्टींवर कधी विश्वास नव्हता, तुम्ही त्यांना शेडच्या दारातही उभं केलं नसतंत. आणि तरी दोघांचं उत्तर एकच निघालं, रेघसुद्धा त्याच जागी. मी म्हटलं, नाही. धाकटा म्हणाला, "आक्का, हट्ट करू नगंस." मी म्हटलं, करणार. मग तो जरा आवाज चढवून म्हणाला, "तुला काय करायचं ते कर. पण आईला मी त्या घरात पाठवणार न्हाय. उद्या तिला काय झालं तर लोकं मला इचारतील." तो दुष्टपणाने बोलत नव्हता, घाबरला होता. पण मला कळलं, मी आता जी रेघ आखीन तिच्यावर आई माझ्याकडे येणार की नाही ते ठरणार आहे. रेघ सरळ आखली तर आई येईल, पण तिचा कोपरा पुन्हा बाहेर जाईल. तिरकी आखली तर कोपरा राहील आणि त्यात आई नसेल.

मी तिरकीच आखली. नुसत्या रागाने नव्हे, अण्णा, हेही ऐका. पावसाळाभर मी छत्री घेऊन त्या प्लॉटवर जाऊन उभी राहिलेय. झड पश्चिमेकडून कशी येते, ओढा कुठवर चढतो, टोकाला जो करंज आहे त्याच्या खोडावर पाण्याची खूण कुठे आहे, ते बघितलं. घर रस्त्याला काटकोनात ठेवलं असतं तर झड थेट पुढच्या दारावर आली असती आणि मागच्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागला असता. म्हणून दक्षिणेची जी लांब तिरकी हद्द आहे, घर तिच्या अंगाने झोपवलं. झडीकडे न्हाणीघर, जिना आणि अडगळ. उन्हाकडे आईची खोली. घर संपतं तिथे स्वयंपाकघर, आणि त्याच्या पुढ्यात तो निमुळता कोपरा, ओढ्यापासून हवं ते अंतर सोडून. जोतं करंजावरच्या खुणेपेक्षा चांगलं वर घेतलं. रस्त्याकडे जी मोठी पाचर मोकळी राहिली, तिथे फुलझाडं आणि गाडी. प्लॅन काढणाऱ्या मुलीने चार वेळा विचारलं, "काकू, नक्की ना?" मी चार वेळा नक्की म्हटलं.

आखणीच्या दिवशी मिस्त्री सकाळीच आले. दोऱ्या ताणल्या, फक्की टाकली. काळ्या मातीवर पांढऱ्या रेघांत माझं घर पडलं, भिंती बोटभर जाडीच्या, छत आभाळाचं. मी हॉलमध्ये उभी होते तेवढ्यात धाकट्याची गाडी आली. तो आईला घेऊन आला होता. त्याचा बेत सरळ होता, तिने स्वतः बघावं आणि नको म्हणावं. आई गाडीतून उतरली, काठी टेकली, कमरेत वाकलेली, पदर डोक्यावर. तिने हॉलकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. फाटकाच्या जागेपासून ती तिरकी निघाली ती थेट टोकाच्या करंजाकडे. वाटेत फक्कीची रेघ आली ती तिने ओलांडली, काठीने थोडी पुसलीसुद्धा.

मिस्त्री हसले. "अहो आज्जी, भिंतीतनं आलासा की!"

"मग हितंच दार कर," आई न थांबता म्हणाली. "रोज भिंतीतनं कसं येऊ?"

"हितं सामानाची खोली हाय, आज्जी."

"सामान काय चालाय जातंय? त्येला दुसरीकडं ठेव."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पायाने रेघ पुसली आणि दाराएवढी जागा मोकळी ठेवली. धाकटा पुढे झाला. "आई, ऐक जरा. ह्यो कोपरा सोडायचा म्हणतोय आम्ही. घर गुण्यात पायजे. अण्णा असते तर त्यांनी बी ह्येच सांगितलं असतं."

आई करंजाखाली पोचली होती. तिथे एक घमेलं पालथं पडलं होतं, त्यावर ती बसली, काठी मांडीवर आडवी घेतली. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी तरी कुठं गुण्यात हाय आता? कंबर बघ की माजी. मला बी भिंतीभायर ठेवतोस काय?"

"तसं न्हाय गं आई..."

"मग कसं? सांग की."

मिस्त्री दोरी गुंडाळायला लागले, त्यांना उगाच काम होतं. धाकट्याने खिशातून मोबाइल काढला आणि परत ठेवला. आईने जमिनीतलं एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, हुंगलं. "कडीपत्त्याला सकाळचं ऊन येतंय काय गं हितं?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, दहापर्यंत येतं. "बास की मग," ती म्हणाली. आणि धाकट्याला, अगदी लहान पोराला सांगावं तसं, "मी ऱ्हातो हितं. तू रविवारचा येत जा. मटण करतो." परत जाताना गाडीत बसवताना तिने माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "त्या टायमाला मला इचारलंच न्हवतं कुणी." कोणत्या वेळेला, ते मी विचारलं नाही. तुम्हालाही सांगायची गरज नाही.

वास्तुशांतीला धाकटा आला. रस्त्यात उभा राहून मान इकडे तिकडे करून बघितलं आणि म्हणाला, "आक्का, घर रुसून बसल्यागत दिसतंय." मी म्हटलं, बसू दे. त्याला हसू आलं, आणि मग तो जेवणाच्या पंक्तीत सगळ्यांना सांगत फिरला की दार कुठं पाडायचं ते आईनं ठरवलं. आता दर रविवारी येतो. त्याच दारातून, जे तिने भिंतीतून काढलं. लोक येतात, उंबऱ्यावर थबकतात, भिंत आणि कुंपण यांच्यामधली जागा बघतात, जी एका टोकाला गाडी मावेल एवढी आणि दुसऱ्या टोकाला माणूस आडवा होऊन जाईल एवढी आहे. कुणी म्हणतं जागा वाया गेली. मी म्हणते, हो, गेली. मला ती वाया घालवायचीच होती.

हे पत्र मी तुमच्या फोटोपुढे वाचणार नाही. फोटो धाकट्याच्या हॉलमध्ये आहे, गुण्यात टांगलेला, आणि मी तो मागितलेला नाही. लिहून झालं की घडी करून ठेवून देईन. पण तुम्हाला एवढं सुनावलं आहे, तर एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हिशेब एका बाजूला जाईल. आई त्या कोपऱ्यात सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून बसते, पण ती काही लावत नाही. "मला वाकाय येतंय काय आता? तू लाव की," म्हणते. आणि अण्णा, मला लावता येत नाही. सिस्टरांनी मला भरतकाम शिकवलं, तुम्ही ओळंबा धरायला शिकवलं, पण आईच्या जवळ मी नुसती बसले, तिच्या हाताकडे कधी नीट बघितलं नाही. गेल्या महिन्यात मी वाफा करून धणे पेरले, रोज झारीने पाणी घातलं, आणि काही उगवलं नाही तेव्हा मिस्त्रीला फोन करून सांगितलं की ओढ्याची माती निकस आहे. आई खुर्चीतून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "अख्खं धनं पेरलंस व्हय? रगडून दोन फाकी करायच्या असत्यात. एवढं शिकलीस आन..." आणि पदरात तोंड घालून हसत राहिली.

तेव्हा, ज्या बागेसाठी मी सगळ्यांशी भांडले, ती मला येत नाही. हे आईला कळलं, मिस्त्रीला कळलं असणार, आता तुम्हाला सांगितलं. धणे पाटावर काढून ठेवलेत. हे लिहून झालं की रगडायला बसते.